पूर्णवेळ सांभाळणारा माणूस नसलेल्या सर्व्हरवर सुरक्षा-अपडेट आपोआप बसू द्यावेत का?

देवघेव

महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांची ग्रंथालये आज ‘कोहा’ या मुक्तस्रोत प्रणालीवर चालतात. न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयासाठी तयार झालेली आणि २००० साली सर्वांना खुली झालेली ही प्रणाली डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टमवर बसते. तिच्याखाली अपाची (वेब सर्व्हर), मारियाडीबी (डेटाबेस) आणि पर्ल (प्रोग्रामिंग भाषा) असतात, आणि विद्यार्थ्यांना घरूनही पुस्तक शोधता यावे म्हणून तिची शोधसूची बहुधा थेट इंटरनेटवर उघडी ठेवलेली असते. प्रणाली बसवून देणारा माणूस काम संपवून निघून जातो. त्यानंतर सर्व्हर येतो ग्रंथपालांच्या किंवा संगणक विभागातील एखाद्या प्रयोगशाळा साहाय्यकाच्या गळ्यात, आणि त्यांच्या कामाच्या यादीत हे काम कुठेही लिहिलेले नसते. ‘चालतंय ना, मग हात लावू नका’ हेच मग धोरण होऊन बसते.

माझे मत असे आहे की अशा सर्व्हरवर सुरक्षा-अपडेट आपोआप बसण्याची सोय पहिल्या दिवसापासून चालू असली पाहिजे. डेबियनमध्ये त्यासाठी ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ हे पॅकेज आहे. उबुंटू सर्व्हरवर ते मुळातच चालू असते. डेबियनच्या स्थिर शाखेत सुरक्षा-अपडेट म्हणजे सहसा नवी आवृत्ती नसते. जुन्याच आवृत्तीवर फक्त तेवढी दुरुस्ती चढवलेली असते. पॅकेजच्या क्रमांकाच्या शेवटी ‘डेब१२यू३’ अशासारखी शेपटी दिसते, ती याच कारणाने. त्यामुळे अपडेटने चालू काम बिघडण्याची शक्यता खूपच कमी होते.

आपोआप अपडेटचा उपयोग किती होतो, हे संकेतस्थळे चालवणाऱ्या वर्डप्रेस या प्रणालीने दाखवून दिले आहे. २०१३ च्या ऑक्टोबरात आलेल्या ३.७ या आवृत्तीपासून त्यांची किरकोळ अपडेट न विचारता बसू लागली. पुढे जानेवारी २०१७ मध्ये, कोणालाही लॉगिन न करता लेखांचा मजकूर बदलता येईल अशी गंभीर त्रुटी सापडली. ४.७.२ ही दुरुस्त आवृत्ती २६ जानेवारीला आली. त्रुटीचा तपशील मात्र मुद्दाम आठवडाभर रोखून १ फेब्रुवारीला जाहीर केला गेला, म्हणजे तोवर बहुतेक संकेतस्थळे आपोआप सुरक्षित होतील. तशी ती झालीही. त्यानंतरच्या दिवसांत लाखो पाने विद्रूप झाली, ती ज्यांनी ही सोय बंद केली होती किंवा जिथे ती चालली नव्हती अशांची. माणसाने सवडीने अपडेट करायचे ठरवले, तर असा आठवडा हाती असूनही निसटून जातो.

रात्रपाळी

सर्व्हर सांभाळणे हाच माझा व्यवसाय आहे आणि मांडलेल्या मताशी मी सहमत नाही. अपडेट वेळेवर व्हावेत याबद्दल वाद नाही. ते कोणी पाहत नसताना व्हावेत, याला माझा विरोध आहे.

८ मार्च २०२३ रोजी, इतरांच्या सर्व्हरवर लक्ष ठेवण्याची सेवा देणाऱ्या डेटाडॉग या कंपनीची सेवा बंद पडली. तिचे सर्व्हर तीन वेगवेगळ्या क्लाउड पुरवठादारांकडे आणि अनेक प्रदेशांत विभागलेले होते, ते याचसाठी की एक जागा पडली तरी दुसरी उभी राहावी. पण उबुंटूवरच्या सिस्टमडीचे (यंत्रावरच्या सेवा सुरू-बंद करणाऱ्या भागाचे) सुरक्षा-अपडेट सगळीकडे एकाच तासाभरात आपोआप बसले. त्यात नेटवर्क सांभाळणारी सेवा पुन्हा सुरू झाली आणि तिने कंटेनरांच्या (ज्या वेगळ्या कप्प्यांत त्यांचे प्रोग्रॅम चालत, त्यांच्या) नेटवर्कसाठी लागणारे मार्ग पुसून टाकले. सारे पूर्ववत व्हायला एक दिवसाहून अधिक काळ लागला. नेहमीच्या रचनेत हे काम सकाळी सहा ते सातच्या दरम्यान सुरू होते, आणि सगळ्या यंत्रांवर घड्याळ एकच असल्यामुळे वेगळेपणाने मिळणारे संरक्षण त्या एका तासात नाहीसे झाले.

दुसरे उदाहरण खुद्द डेबियनचे. डिसेंबर २०२३ मध्ये १२.३ हे बिंदू-प्रकाशन (साठलेल्या दुरुस्त्यांचा एकत्र संच) येत असताना कळले की त्यातील ६.१.६४ या कर्नलमुळे (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यामुळे) ईएक्सटी४ फाइल प्रणालीवरील माहिती खराब होऊ शकते. ते प्रकाशन थांबवले गेले आणि लगेच १२.४ आणावे लागले. तूर्त अपडेट करू नका, आणि आपोआप अपडेटची सोय चालू असेल तर विशेष सावध राहा, असे प्रकल्पालाच लोकांना सांगावे लागले. ही सूचना आपल्या ग्रंथपालांपर्यंत कशी पोहोचणार होती? सेवा बंद पडली तर ती पुन्हा उभी करता येते, पण खराब झालेला डेटा परत आणण्यासाठी चांगला बॅकअप हाताशी असावा लागतो.

‘फक्त तेवढी दुरुस्ती’ हे विधानही पूर्ण खरे नाही. कर्नल आणि मारियाडीबी यांच्या बाबतीत डेबियन सहसा मूळ प्रकल्पाची त्याच मालिकेतली पुढची आवृत्ती घेते, आणि तिच्यात इतरही शेकडो बदल असू शकतात. कोहाचा सगळा डेटा नेमका मारियाडीबीत असतो, हे धागाकर्त्यांना वेगळे सांगायला नको.

पोर्ट_बावीस

दोघांच्याही मांडणीत एक गोष्ट राहून गेली आहे, ती म्हणजे आपोआप अपडेटची ही यंत्रणा नक्की कशाला हात लावते. ज्या भांडारांची, म्हणजे पॅकेजे जिथून उतरवली जातात त्या ठिकाणांची, नावे तिच्या यादीत आहेत तेवढीच ती पाहते. कोहाची पॅकेजे कोहा समुदायाच्या स्वतंत्र भांडारातून येतात, आणि ते भांडार मूळ यादीत नसते. म्हणजे अपाची ताजे राहील. पण विद्यार्थी प्रत्यक्ष ज्यावर टिचकी मारतात ते कोहा, बसवले त्या दिवशी जसे होते तसेच राहील.

यादीत ते भांडार घालणे हाही सरळ उपाय नाही. भांडाराच्या ओळीत आवृत्तीचा क्रमांक न लिहिता नुसते ‘स्टेबल’ लिहिलेले असेल, तर नवी मोठी आवृत्ती जाहीर होताच सर्व्हर तिच्यावर उडी घेईल आणि डेटाबेसची रचनाही बदलून टाकेल. ते कोणाला न विचारता होणे मला मान्य नाही.

इक्विफॅक्स या अमेरिकी पत-माहिती कंपनीतील माहितीचोरीचे मूळही असेच होते. अपाची स्ट्रट्समधील त्रुटीची दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये उपलब्ध झाली, घुसखोर मे महिन्यात आत शिरले, आणि सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली. पण स्ट्रट्स हा अनुप्रयोगाच्या पोटात बांधलेला तयार कोडचा संच होता; ऑपरेटिंग सिस्टमचे आपोआप अपडेट त्याच्यापर्यंत पोहोचलेच नसते. डिसेंबर २०२१ मधील लॉग४जे या तशाच, नोंदी ठेवणाऱ्या संचाच्या त्रुटीतही बहुतेक ठिकाणी हीच अडचण आली. सोय चालू केल्याने ‘आता काळजी नाही’ असा जो समज होतो, तो मला अपडेट न करण्याइतकाच घातक वाटतो.

देवघेव

@रात्रपाळी, डेटाडॉगकडे स्वतःची शिस्तबद्ध पद्धत होती; ते यंत्रे टप्प्याटप्प्याने बदलत होते, आणि आपोआप अपडेटची ती जुनी वाट त्यांना गरज नसताना उघडी राहिली होती. ती त्यांनी नंतर बंद केली, ते योग्यच झाले. पण ज्याच्याकडे तशी पद्धत आहे त्याने काय करावे, यावरून जिथे मुळात कोणीच नाही तिथे काय करावे हे ठरत नाही. महाविद्यालयाच्या बाबतीत आपोआप अपडेटला पर्याय म्हणून काळजीपूर्वक, पाहून केलेले अपडेट उभे राहते, असे तुम्ही गृहीत धरत आहात. प्रत्यक्षात तिथे पर्याय असतो तो अपडेट अजिबात न होण्याचा.

१२.३ च्या बाबतीत उपाय सोपा होता. डेबियनवर या पॅकेजच्या मूळ यादीत दोन प्रकारच्या ओळी असतात: एक सर्वसाधारण डेबियन भांडाराची, दुसरी ‘डेबियन-सिक्युरिटी’ची. पहिली काढून टाकली की बिंदू-प्रकाशने आपोआप येत नाहीत. कर्नल आणि मारियाडीबीबद्दलचा तुमचा आक्षेप मात्र मला मान्य आहे. मारियाडीबी वगळण्याच्या यादीत घालून ते महिन्यातून एकदा बॅकअप घेऊन हाताने करावे, हे अधिक शहाणपणाचे ठरेल.

आपण हाताने बदललेल्या मांडणी-फाइली पुसल्या जातील, ही भीती अनेकांना असते. ती अनाठायी आहे. अशी फाइल बदलायची वेळ आली की पॅकेज बसताना प्रश्न विचारते, आणि उत्तर द्यायला कोणी नाही हे ओळखून ही यंत्रणा ते पॅकेज बाजूला ठेवते. ते पॅकेज मग जुनेच राहते, म्हणून अहवालाचा मेल कोणाला तरी गेला पाहिजे, आणि त्यासाठी सर्व्हरवरून मेल बाहेर जातो की नाही हे एकदा पाहिले पाहिजे. बहुतेक ठिकाणी तो जात नाही.

याहून मोठी उणीव पुन्हा सुरू करण्याची आहे. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या सुरक्षित जोडणीसाठीच्या घटकातली हार्टब्लीड ही त्रुटी उघड झाली तेव्हा अनेकांनी त्याचे अपडेट बसवले आणि काम झाले असे मानले. पण आधीपासून चालू असलेले अपाची स्मृतीतले जुनेच ओपनएसएसएल वापरत राहते. सेवा पुन्हा सुरू होईपर्यंत डिस्कवरच्या नव्या फाइलचा तिला काही उपयोग नसतो. ‘नीडरीस्टार्ट’ चालवले की अशा सेवांची नावे समोर येतात. कर्नलचेही तेच आहे. नवा कर्नल बसतो, ‘रीबूट-रिक्वायर्ड’ नावाची एक छोटी फाइल तयार होते, आणि यंत्र जुन्याच कर्नलवर महिनोन्महिने चालत राहते, कारण आपोआप रीबूट होण्याची सोय मुळात बंद असते. सर्व्हर वर्षभर एकदाही बंद पडला नाही याचा अनेकांना अभिमान वाटतो. त्याच वर्षात आलेली कर्नलची एकही दुरुस्ती त्या यंत्रावर सहसा लागू झालेली नसते, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे.

मंदगती

हार्टब्लीडचा उल्लेख आला म्हणून लिहितो. ती त्रुटी ओपनएसएसएल १.०.१ पासून १.०.१एफपर्यंत होती, जुन्या ०.९.८ वर असलेले सर्व्हर सुरक्षित राहिले. जुलै २०२४ मध्ये जाहीर झालेली ओपनएसएसएचची (सर्व्हरवर दुरून लॉगिन करण्याच्या सेवेची) त्रुटी ८.५ पासून पुढे होती. डेबियन ११ वर ८.४ होते, ते वाचले, आणि डेबियन १२ वर ९.२ होते, त्यांना धावपळ करावी लागली. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली आकुंचित करणाऱ्या साधनात लपवलेला चोरदरवाजा सापडला, तोही अगदी ताज्या ५.६.० आणि ५.६.१ मध्येच होता. नव्याची घाई करणाऱ्यांनाच फटका बसतो, असे मला यावरून दिसते.

देवघेव

@मंदगती, तुमची तिन्ही उदाहरणे खरी आहेत, पण त्यांवरून अपडेट टाळावेत असे निघत नाही. एक्सझेडचा चोरदरवाजा डेबियनच्या चाचणी आणि अस्थिर शाखांत पोहोचला होता, स्थिर शाखेत नाही. ज्यांनी स्थिर शाखेवर रोज सुरक्षा-अपडेट घेतले, त्यांच्याकडे तो आलाच नाही. जुन्या प्रकाशनावर राहणे आणि त्या प्रकाशनाच्या दुरुस्त्या न घेणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. डेबियन ११ वाल्यांनी ११ वरच राहावे, माझी हरकत नाही; मात्र ११ साठी येणारी दुरुस्ती त्यांनी त्याच दिवशी घ्यावी.

रात्रपाळी

तुमच्या याच वाक्यात माझा सर्वांत मोठा आक्षेप दडलेला आहे. डेबियन १० चा दीर्घकालीन आधार, म्हणजे दुरुस्त्या मिळत राहण्याची मुदत, जून २०२४ अखेर संपला. त्यानंतर त्या सर्व्हरवरची आपोआप यंत्रणा बंद पडली नाही. भांडार जागेवर असेपर्यंत ती रोज सकाळी जागी होत राहिली, अपडेट करण्यासारखे काही नाही अशी नोंद करत राहिली, आणि कोणताही दोष दाखवला नाही. दोष असेल तरच मेल पाठव असे सांगितलेले असेल, तर मेलही आला नसेल. दुरुस्त्या येणेच थांबले आहे आणि दुरुस्तीची गरजच नाही, या दोन्ही अवस्था त्या नोंदीत सारख्याच दिसतात. हा फरक माणसालाच कळतो. शिवाय घुसखोरी झालीच तर सर्ट-इन या संगणक-सुरक्षेच्या केंद्रीय सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ती कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. ज्या संस्थेत सर्व्हर पाहणारे कोणीच नाही, तिथे ती कळणार कोणाला? म्हणून म्हणतो, आधी माणूस नेमा, मग यंत्रणेचे बोला.

देवघेव

माणूस नेमला गेला तर मला आनंदच आहे, परंतु तो नेमला जाईपर्यंत सर्व्हर इंटरनेटवर उघडाच राहणार आहे, आणि त्या काळासाठी मी यंत्रणा चालूच ठेवेन. आधार संपण्याचा मुद्दा मात्र मला पूर्णपणे पटला. डेबियनच्या प्रत्येक प्रकाशनाचा शेवट आधीच जाहीर झालेला असतो. १२ चा दीर्घकालीन आधार जून २०२८ पर्यंत आहे. ही तारीख ग्रंथालय समितीच्या इतिवृत्तात लिहून ठेवता येते, आणि त्याआधीच्या एखाद्या उन्हाळी सुट्टीत, पुस्तकांची देवघेव जवळपास थांबलेली असताना, प्रकाशन बदलता येते. कोहाच्या मोठ्या आवृत्तीचा बदलही त्याच सुट्टीत करावा.

त्याआधी एक काम आजच करण्यासारखे आहे. कोहा रोज स्वतःचा बॅकअप घेते, पण तो त्याच सर्व्हरच्या डिस्कवर आणि मोजक्याच दिवसांचा राहतो. तो रोज दुसऱ्या यंत्रावर हलवावा, आणि प्रयोगशाळेतल्या एखाद्या रिकाम्या संगणकावर ‘कोहा-रिस्टोअर’ने उभा करून पाहावा. तो उभा राहतो हे एकदा कळले, की कर्नलच्या अपडेटनंतर रात्री दोन वाजता सर्व्हर आपोआप रीबूट होऊ द्यायला माझी तरी तयारी आहे. @रात्रपाळी, बॅकअपची अशी खात्री झाल्यावरही तुमचा या रीबूटला विरोध राहील का, आणि राहणार असेल तर कोणत्या कारणाने, हे जाणून घ्यायला आवडेल.