रब्बी लेवींबद्दल कुठून वाचायला सुरुवात करावी?

चांदणवेडा: चंद्राच्या नकाशात दक्षिणेकडे 'रब्बी लेवी' नावाचं विवर आहे. हे लेवी बेन गेर्शोन, म्हणजेच गेर्सोनिडीझ (१२८८–१३४४). दक्षिण फ्रान्समधले ज्यू तत्त्वज्ञ, गणिती, शिवाय आकाशनिरीक्षक. मायमॉनिडीझ, त्यांच्याआधीचा ज्यू तत्त्वज्ञ, थोडा वाचलाय. हिब्रूचा गंध नाही. इंग्रजीत काय वाचू?

जुना_मास्तर: मुख्य ग्रंथ 'परमेश्वराची युद्धे', १३२९ साली पुरा झाला. सिमूर फेल्डमन यांचं भाषांतर तीन खंडांत आहे. पण पहिल्या पानापासून सुरू करू नका! पहिला भाग आत्म्याच्या अमरत्वावर, त्यात ॲरिस्टॉटलच्या भाष्यकारांशी एवढा काथ्याकूट आहे की भलेभले तिथेच पुस्तक मिटतात. तिसरा भाग आधी घ्या, छोटा आहे. मी उद्या काय निवडणार हे देवाला आधीच ठाऊक असतं का? लेवी म्हणतात, देवाला सृष्टीचा सामान्य क्रम कळतो, अमुक माणूस ऐनवेळी काय निवडेल ते नाही. इथे ते मायमॉनिडीझचं मत सरळ खोडतात, त्यामुळे तुम्हाला धागा लगेच सापडेल. पुढे विरोधकांनी या ग्रंथाला 'परमेश्वराविरुद्धची युद्धे' म्हणून हिणवलं, ते काही उगाच नाही.

चांदणवेडा: आभार! खगोलशास्त्रही त्यातच आहे का?

पंचांगवाली: मूळ ग्रंथात आहे, पाचव्या भागात, तब्बल १३६ अध्याय. फेल्डमननी ते वगळलेत. त्यासाठी बर्नार्ड गोल्डस्टाइन यांनी संपादित केलेले पहिले २० अध्याय बघा, सोबत भाषांतर आहे. महाग आहे, विद्यापीठाच्या ग्रंथालयात विचारा. त्यात 'याकोबची काठी' भेटेल: डोळ्याशी धरायची काठी, तिच्यावर सरकणारी आडवी पट्टी. पट्टीची टोकं दोन ताऱ्यांवर जुळली की त्यांच्यातला कोन मिळतो. पुढे खलाशीही हे वापरू लागले. आणि लेवी टॉलेमी या प्राचीन ग्रीक खगोलशास्त्रज्ञालाही सोडत नाहीत. त्याच्या गणिताप्रमाणे मंगळाचं दिसणं सहापट बदलायला हवं, यांना दुपटीएवढाच फरक दिसला. मास्तर, राग नको, पण दुर्बीणवाल्याला तुम्ही आधी देवाचं ज्ञान कशाला वाचायला लावताय?

जुना_मास्तर: मायमॉनिडीझचं नाव त्यांनीच काढलं, ताई!

शून्यलब्धी: मधला मार्ग सांगतो. संगीतकार फिलिप द व्हित्री यांनी विचारलेल्या प्रश्नावर लेवींनी एक छोटा प्रबंध लिहिला. फक्त २ आणि ३ यांच्या गुणाकारांतून बनणाऱ्या संख्यांत (१ धरून) एकाचाच फरक असलेल्या जोड्या किती? १-२, २-३, ३-४, ८-९, बस्स. पाचवी का नाही, हे आधी स्वतः सोडवून बघा, मग त्यांची सिद्धता शोधा.