कोकोस बेटांचा कप्तान: सुधारक की नवा जहागीरदार?

गलबत: जॉन क्लुनीज-रॉस या स्कॉटिश कप्तानाने हिंदी महासागरातल्या कोकोस (कीलिंग) बेटांवर अलेक्झांडर हेअर या इंग्रज व्यापाऱ्याची गुलामगिरी मोडली, असं वाचलं. मग पुढे त्याच्याच घराण्याला 'कोकोसचे राजे' का म्हणू लागले?

सुकाणू: मोडली नाही, पोखरली. हेअर १८२६ मध्ये शंभरेक माणसं घेऊन तिथे उतरला. बहुतेक मलय, त्यात त्याचा जनानखानाही. रॉस १८२७ मध्ये बायकापोरांसह आला. आधी बोर्निओत तो हेअरच्याच चाकरीत होता, त्यामुळे गडी पुरता ओळखीचा. हेअरची माणसं एकेक करून रॉसकडे पळाली आणि १८३१ च्या सुमारास हेअरने बेट सोडलं. पण १८३६ मध्ये डार्विन तिथे गेला, तेव्हा त्याने नोंदवलं की हे लोक नावापुरते स्वतंत्र आहेत. वागणूक बरी मिळते, बाकी बहुतेक बाबतींत ते गुलामच धरले जातात.

खोटा पैसा: खरी मेख नाण्यात आहे. १८८६ मध्ये व्हिक्टोरिया राणीने बेटं या घराण्याला कायमची देऊन टाकली. चलन घराण्याचंच, नाव मात्र रुपया. आधी मेंढीच्या कातड्यावरच्या नोटा, नंतर चक्क प्लॅस्टिकची नाणी! नारळ गोळा करायचे, सोलायचे, खोबरं काढायचं. मजुरी या नाण्यांत आणि ती चालणार फक्त मालकाच्या दुकानात. बाहेर त्यांना कवडीची किंमत नाही. बेट सोडलं की परतायची बंदी. जमीन, दुकान आणि पैसा एकाच मुठीत, मग चाबूक कशाला हवा?

गलबत: आणि हे सुटलं कसं?

सुकाणू: फार उशिरा. १९५५ मध्ये बेटं ऑस्ट्रेलियाकडे गेली, तरी मालकी घराण्याचीच राहिली. १९७८ मध्ये सरकारने ६२.५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मोजून बहुतेक सगळी जमीन घेतली. ओशियानिया हाऊस हा वाडा तेवढा घराण्याकडे उरला. ६ एप्रिल १९८४ च्या सार्वमतात २६१ पैकी २२९ मतं ऑस्ट्रेलियात विलीन होण्याच्या बाजूने पडली, स्वातंत्र्याला जेमतेम ९.

खोटा पैसा: वाड्याचं प्रकरणही वाचा. घराण्याच्या शेवटच्या 'राजा'ला बेटावरून हलवायचं म्हणून सरकार वाडा सक्तीने संपादन करायला निघालं. १९८४ मध्येच ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने अडवलं: सार्वजनिक कामासाठी जमीन घ्या, माणसाला हुसकायला नाही.