आधी कायदा, मग ब्रायटन आणि स्टडलंड

ब्रिटनमधल्या विवस्त्र वावरता येणाऱ्या किनाऱ्यांचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, "कपडे काढले तर पोलीस धरतील का?" म्हणून आधी तेवढंच. इंग्लंड-वेल्समध्ये नुसतं विवस्त्र असणं हा गुन्हा नाही. २००३ च्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यानुसार गुन्हा ठरायला समोरच्याला घाबरवण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू असावा लागतो. स्कॉटलंडचा कायदा वेगळा, तो यात धरू नका.

लंडनहून सगळ्यात सोपं ब्रायटन. मरीनाजवळचा (बोटींच्या गोदीजवळचा) किनाऱ्याचा तुकडा १९८० पासून यासाठी अधिकृत आहे. पण वाळू शोधत बसू नका, सगळे गोटेच! अंगावर काही नसलं तरी पायात जाड तळव्याची चप्पल हवीच. येताना १८८३ सालची व्होल्क्स इलेक्ट्रिक रेल्वे बघा, उन्हाळ्यात चालू असते.

वाळू हवी तर डॉर्सेटमधलं स्टडलंड, माझ्या मते सगळ्यात निवांत. जागा नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेची. नॉल बीचला गाडी लावायची आणि 'यापुढे नेचरिस्ट (विवस्त्र वावरणारे) दिसू शकतात' अशा अर्थाची पाटी येईपर्यंत किनाऱ्याने उत्तरेकडे चालत सुटायचं. नॉरफोकचं होल्कम आणि वेल्सचं मॉर्फा डिफ्रिनही चांगले, फक्त तिथे पायपीट जास्त.

बाकी किनाऱ्यांची माहिती 'ब्रिटिश नेचरिझम' या संस्थेकडे मिळेल. फोन पिशवीतच ठेवा, टक लावून बघू नका, वाऱ्यासाठी आडोशाचं कापड न्या. ऑगस्टमध्येही पाणी हाडं गोठवतं. आणि हो, ज्या भागांनी जन्मात ऊन पाहिलेलं नाही, तिथे सनस्क्रीन दोनदा लावा. अनुभवाचे बोल आहेत. 😄