डिकीच्या मॅटला दोन हजार घालायचे, की ताडपत्री आणि वाकळ पुरे?

जांबोटीकर (धागा सुरू करणारा)

मंडळी नमस्कार. दोन महिन्यांपूर्वी जुनी वॅगनआर घेतली. बेळगावात ॲक्सेसरीच्या दुकानात डिकीची मॅट विचारली, तर काठ उंच असलेली, गाडीच्या मापाची मॅट दोन हजारांच्या घरात. मी घेतली नाही. आपल्या भागातल्या माणसाला ती घ्यायची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आमचं येणं-जाणं असं. शनिवारी गावाकडं, रविवारी संध्याकाळी बेळगाव. येताना तांदळाचं पोतं, दिवस असतील तसे फणस नाहीतर काजूची बोंडं, आईनं दिलेली दह्याची बरणी, आणि पावसाळ्यात चिखलानं माखलेले गमबूट. खानापूर भागाची तांबडी माती काय चीज आहे ते इथल्यांना सांगायला नको. पांढऱ्या धोतराला लागलेली माती आजोबांच्या धोतरावर शेवटपर्यंत राहिली. काजूच्या बोंडाचा रसही तसाच, कापडावर पडला की जात नाही.

मी घरातली जाड ताडपत्री घेतली. तळाच्या मापापेक्षा चारी बाजूंनी वीतभर जास्त ठेवून कापली. कोपरे कापले नाहीत, पाकिटासारखे दुमडले आणि दाभणानं वरच्या काठालाच दोन टाके घातले. कोपरा कापला की पाणी तिथूनच खाली जातं. पुढची बाजू मागच्या सीटच्या पाठीवर चढवली. दाराकडची बाजू लांब ठेवली, म्हणजे पोतं चढवताना ती बंपरवर सोडता येते आणि रंगाला चरे पडत नाहीत. वर जुनी वाकळ. सगळा खर्च दीडशे रुपयांच्या आत. आता सांगा, दोन हजार कशाला?

शहापूरचा कुशनवाला

मी सीटकव्हर आणि मॅटचं काम करतो, मॅट विकतोही. हे आधी सांगतो, म्हणजे नंतर कुणी काढायला नको. तरीही बोलतो, कारण ताडपत्रीखाली काय होतं ते मी गाड्या उघडून बघतो.

पाणी नेहमी वरून सांडत नाही. मागच्या दाराचं रबर कडक झालं, टेललाइटच्या मागचं रबर बसलं, की पावसाचं पाणी बाजूनं उतरतं आणि कार्पेटखाली जातं. कार्पेटला खालून नमदा, म्हणजे दाबलेल्या तंतूंचा जाड थर असतो, तो पाणी पितो. वर तुम्ही ताडपत्री घट्ट पसरलेली, म्हणजे ती ओल वाळायला वाटच नाही. आठ दिवसांत कुबट वास, मग बुरशी. त्याच्याही खाली स्टेपनीचा खड्डा. सगळं पाणी शेवटी तिथं साठतं. जॅक आणि पाना गंजून एकमेकांना चिकटलेले मी कितीतरी गाड्यांतून काढले आहेत.

मापाची मॅट ताठ असते. काही सांडलं तर परातीसारखी उचलून बाहेर ओतता येते. ताडपत्री उचलायला गेलात की मधलं पाणी काठावर येतं आणि नेमकं कार्पेटवर पडतं. करून बघा.

जांबोटीकर

कुशनवाले मामा, तुमचा अनुभव मी नाकारत नाही. खरं एक सांगा, टेललाइटमधून पाणी येत असेल तर तुमच्या मॅटखालीही येणारच की. मॅट काही रबर दुरुस्त करत नाही. उलट दोन हजार दिलेली मॅट माणूस वर्षभर उचलून बघत नाही. माझी ताडपत्री मी दर रविवारी काढून झाडतो, त्यामुळं खाली काय चाललंय ते मला दिसतं.

उद्यमबाग टर्नर

दोघांनाही माझा विरोध. तुमच्या डिकीत दही आणि तांदूळ जातो, माझ्या डिकीत लोखंड जातं. मशीन शॉपमधून जॉब, म्हणजे घडवायला दिलेले लोखंडी भाग, घेऊन दुसऱ्या शॉपला द्यायचे, परत आणायचे. जॉबला कटिंग ऑइल लागलेलं असतं, कडेला बर, म्हणजे कापताना राहिलेली धारदार कोर असते. ताडपत्री पहिल्याच दिवशी फाटली. विकतची मॅटही घेतली होती, चार महिन्यांत तिला भोकं पडली.

मग भंगारातून कन्व्हेअर बेल्टचा जुना तुकडा आणला. कारखान्यांतून, क्रशरमधून असे बेल्ट निघतात आणि किलोवर मिळतात. रबरात कापडाचे थर असल्यामुळं धारदार कडेनंही तो फाटत नाही, आणि जड असल्यानं जागचा हलत नाही. त्यावर लाकडाचा भुसा मूठभर टाकतो, तो तेल ओढून घेतो. आठवड्यानं भुसा झाडायचा, नवीन टाकायचा. ताठ आणि स्वस्त असं दोन्ही पाहिजे असेल तर हा मार्ग. मात्र आणल्यावर दोन-तीन दिवस उन्हात टाकून धुवून घ्या, नवीन-नवीन बंद गाडीत रबराचा वास डोकं धरायला लावतो.

निपाणीची सून

टर्नरदादा, तो बेल्ट उचलायचा कुणी? आमच्या घरी गाडी मी धुते. मला एका हातानं काढता येईल असंच काहीतरी हवं, म्हणून जांबोटीकर दादांच्या बाजूनं आहे, पण त्यांनी वाकळ नुसती शेवटी सांगून टाकली. खरं काम तीच करते.

आम्ही सौंदत्तीला यल्लम्माला जातो, चिंचलीला मायाक्काला जातो. परतताना भंडाऱ्याची पिशवी सुटली नाही असं वर्ष नाही. पहिल्या वर्षी डिकीत सगळीकडं हळद. मी घाईनं कपड्याचा साबण घेऊन घासलं आणि पिवळा डाग लालभडक झाला. घाबरून सासूबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, अगं हळदीला चुना लावूनच तर कुंकू करायचे. साबणातला खार हळदीला लागला की ती लाल होते. लिंबू पिळलं तर रंग परत पिवळा झाला, खरं गेला नाही.

तेव्हापासून माझा नियम : भंडारा सांडला तर पाणी लावायचं नाही. कोरडाच झटकायचा, राहिलेला ब्रशनं काढायचा, आणि कापड उन्हात टाकायचं. हळदीचा रंग उन्हात उडतो. डिकीतलं कार्पेट उन्हात कसं टाकणार? वाकळ टाकता येते. जुन्या लुगड्यांची वाकळ चार थरांची असते, सांडलेलं तेल-पाणी ती आधी पिते, ताडपत्रीवर ओघळ जातच नाही. नुसत्या गुळगुळीत प्लास्टिकवर सांडलेलं सगळं वळणावळणाला इकडून तिकडं पळतं. मॅट असो की ताडपत्री, वर पिणारं कापड नसेल तर अर्धंच काम झालं.

अथणीकडचा

आमच्याकडं काळी माती. ओली असताना बुटाला शेरभर चिकटते, आणि वाळली की ढेकूळ होऊन आपोआप सुटते. घाई केली तरच ती कार्पेटात घुसते. त्यामुळं मी काहीच विकत घेत नाही. युरियाची रिकामी पोती उसवून दोन एकावर एक अंथरतो. मळली की बदलली. ताडपत्रीची चर्चा एवढी कशाला?

शहापूरचा कुशनवाला

अथणीकर, पोती वापरा, पण आधी चार पाण्यातून धुवा. पोत्याच्या विणीत खताचे कण राहतात. खत हवेतली ओल ओढून घेतं आणि ते खारं पाणी पत्र्याला लागलं की गंज धरतो. खत वाहणाऱ्या टेम्पोच्या हौद्याकडं एकदा खालून बघा. शिवाय विणलेल्या पोत्यातून पाणी आरपार जातं. मातीला ते चालेल, दुधाला नाही.

अथणीकडचा

खताचं पटलं. आमच्या ट्रॉलीचा पत्रा तसाच गेला आहे. पोती धुऊन घेतो.

चोर्ला घाटातून नेहमी

माती, हळद, तेल हे सगळं सोपं आहे हो. गोव्याहून मासे आणणाऱ्यांनी बोलावं.

मागच्या वर्षी थर्माकोलच्या पेटीत बर्फ घालून बांगडे आणि सुरमई आणली. पेटीला तळाशी चीर गेलेली दिसली नाही. घाटातली वळणं, वर पाऊस. कणकुंबीला चहाला थांबलो, डिकी उघडली तर बर्फाचं पाणी सगळ्या कार्पेटभर. गाडीत ताडपत्री होती! तरी गेलं, कारण पेटी सरकून एका बाजूला गेली होती आणि तिच्या वजनानं ताडपत्रीची कड खाली दबली होती. पंधरा दिवस बायको-मुलं गाडीत बसायला तयार नव्हती. साबणानं दोनदा धुतलं, वर अत्तराच्या बाटल्या टांगल्या. त्यानं वास दुप्पट झाला.

शेवटी शेजारच्या मावशींनी सांगितलं तसं व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून कार्पेट भिजवलं, तासाभरानं टिपून घेतलं आणि दारं उघडी ठेवून उन्हात वाळवलं. दोनदा केल्यावर वास गेला. माशाचा वास ज्यानं येतो तो पदार्थ खाराच्या जातीचा, त्याला आंबट लागतं. माशाला लिंबू पिळतो ते त्याचसाठी की.

माझं मत दोघांहून वेगळं आहे. तळ झाकण्यात पैसा आणि वेळ घालवू नका, सांडणारी वस्तूच भांड्यात ठेवा. मोठं प्लास्टिकचं घमेलं नाहीतर टब, त्यात पेटी. टब हलू नये म्हणून बाजूला स्टेपनीची जुनी ट्यूब फुगवून दाबून बसवायची. त्या दिवसापासून एक थेंब तळावर नाही.

निपाणीची सून

टब बरोबर आहे. तेलाचा डबा, दुधाची किटली यांना आम्हीही पातेलं देतो. पण मातीचे बूट, कांद्याचं पोतं, मुलांची सायकल टबात कशी बसणार? दोन्ही लागतं.

नवीन गाडीवाला, वडगाव

एक विचारतो. निवडणुकीनंतर फ्लेक्स फुकट मिळतो, तोच अंथरला तर? ताडपत्रीपेक्षा जाड असतो.

उद्यमबाग टर्नर

कर्नाटकात फ्लेक्सवर २०१६ पासून बंदी आहे. लागतात ते वेगळं, पण त्यावर भरवसा ठेवून बसू नका. आणि बंद गाडी उन्हात तापली की त्याचा वास येतो, मी वापरून सोडला आहे. त्यापेक्षा घरात फरशीवर घालतात ती विनाइलची शीट मीटरवर मिळते, ती कापून घाला. ताडपत्रीपेक्षा ताठ, बेल्टपेक्षा हलकी, सुनबाईंना एका हातानं उचलेल.

आणि गाडीला सीएनजीची टाकी असेल तर टाकीवर, तिच्या व्हॉल्व्हवर काहीही घट्ट गुंडाळू नका. अंथरायचं ते तळावर.

शहापूरचा कुशनवाला

जांबोटीकर, वाद घालण्यापेक्षा एक करा. डिकीतलं सामान काढा, वाकळही काढा. ताडपत्रीवर तांब्याभर पाणी ओता, जांबोटीपर्यंत नेहमीच्या वेगानं जाऊन या. मग ताडपत्री काढा, कार्पेट उचला, स्टेपनी बाहेर काढा आणि खड्ड्यात हात फिरवा. कोरडं निघालं तर मी माझं म्हणणं मागं घेतो.

जांबोटीकर

काल रविवारी केलं. जसं झालं तसं सांगतो.

वरचं पाणी जवळजवळ सगळं ताडपत्रीवरच राहिलं. डाव्या कोपऱ्यात टाके सैल झाले होते, तिथून ओंजळभर खाली गेलं. उचलताना मात्र तुम्ही म्हणालात तेच झालं, मधलं पाणी घरंगळून माझ्या पायावर आणि थोडं कार्पेटवर. आता आधी जुन्या टॉवेलनं टिपून घेतो, मग चारी कोपरे एकत्र धरून गाठोड्यासारखं उचलतो. तसं केल्यावर सांडत नाही, दोनदा बघितलं.

पण स्टेपनी काढली तेव्हा वाईट वाटलं. खड्ड्यात बोटभर पाणी होतं, तांबडं, आणि ते कालचं नव्हतं. जॅकवर गंज. दर रविवारी मी ताडपत्री झाडत होतो, कार्पेट एकदाही उचललं नव्हतं. खाली काय चाललंय ते मला दिसतं असं वर लिहिलं होतं, ते चूक होतं. मामा, ते मी मागं घेतो. खड्ड्याच्या तळाला रबरी बूच आहे, ते काढून पाणी सोडलं, फडक्यानं पुसलं आणि दिवसभर दारं उघडी टाकली. मग भावाला बाहेरून पाईपनं पाणी मारायला लावून मी आत टॉर्च घेऊन बसलो. उजव्या टेललाइटच्या मागून धार येत होती.

मॅट मात्र मी घेणार नाही, कारण ती धार मॅटनंही थांबली नसती. तेच पैसे रबराला घालतो. टाके काढून कोपऱ्यांना क्लिपा लावतो आणि वर वाकळ आहेच. सुनबाई, तुमचं ऐकून वाकळ आता दोन केल्या आहेत. एक धुवायला, एक गाडीत.

शहापूरचा कुशनवाला

रबर अख्खं मिळालं तर उत्तम, नाहीतर लाइट काढून जुनं खरवडून ब्यूटाइलची, म्हणजे चिकट रबराची पट्टी लावा. सिलिकॉन भरू नका, पुढं बल्ब बदलायला लाइट काढताना कड तुटते. आणि खड्ड्याचं बूच परत बसवलंत ना? ते राहिलं तर खालून चाकाचं पाणी वर येईल.

जांबोटीकर

बूच खिशातच राहिलं होतं. आता लावून आलो.