अनुभव धागा: जेलीफिशने भरलेला समुद्र

आपल्याकडे जेलीफिशची बातमी होते ती एखाद्या पर्यटकाला डंख झाल्यावर. जाळं ओढणाऱ्यांचे हात हंगामभर पोळत असतात, त्यांना कुणी विचारत नाही. म्हणून हा धागा. मासेमारी, पोहणं, डायव्हिंग, नोकरी, अभ्यास, कुठल्याही निमित्ताने गाठ पडली असेल तर लिहा. जागा आणि महिना आवर्जून सांगा. ब्लूबॉटल हा काटेकोरपणे जेलीफिश नव्हे, ती अनेक जीवांची एकत्र वसाहत असते. पण तिचे अनुभवही इथेच येऊ द्यात.

खारा वारा (मालवण)
आमचा घरचा ट्रॉलर आहे. पावसाळ्यानंतर बोटी बाहेर पडतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात एखाद्या ओढीला जाळं वर येतं तेच पांढरट लगद्याने फुगून. वजन इतकं की जाळं डेकवर घ्यायचं की समुद्रातच मोकळं करायचं, हे तांडेलला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, तिथल्या तिथे ठरवावं लागतं. फाटलं तर जाळ्याचा खर्च, सोडलं तर डिझेल फुकट. वर घेतलंच, तर खलाशी त्या बुळबुळीत ढिगातून कोळंबी वेचत बसतात. हातमोजे असले तरी शिंतोडे तोंडावर उडतात. डोळ्यात गेले तर माणूस त्या दिवसापुरता कामातून जातो. वेचलेली कोळंबी चिकट झालेली असते, लिलावात भाव पडतो. काका बंदरावर उतरताना एवढंच म्हणतात, "आज काय्येक गावूक नाय." लोक सांगतात, खोल पाण्यात जा. तिथेही हेच असलं तर जायचं कुठे? मत्स्यदुष्काळाची मागणी होते तेव्हा अशा वाया गेलेल्या फेऱ्याही मोजल्या गेल्या पाहिजेत.

जुहूकर आई
ऑगस्टमधली संध्याकाळ. लेकीच्या पोटरीला निळा धागा गुंडाळला गेला आणि ती किंचाळायलाच लागली. भोवतीची माणसं वाळू चोळा, लिंबू पिळा म्हणत होती. जीवरक्षकाने कुणाला हात लावू दिला नाही. समुद्राच्याच पाण्याने पाय धुतला, धागा न चोळता उचलून काढला आणि चहाच्या टपरीवरून गरम पाणी मागवलं. सोसवेल इतक्या गरम पाण्यात वीसेक मिनिटं पाय बुडवल्यावर कळ ओसरली, वळ बरेच दिवस राहिले. किनाऱ्यावर मरून पडलेल्या ब्लूबॉटलचे धागेही डंख करतात, तेव्हा ते निळे फुगे मुलांना फोडू देऊ नका. श्वास लागला किंवा छातीत दुखलं तर थेट रुग्णालय गाठा.

पंपहाउस
समुद्राचं पाणी थंडाव्यासाठी घेणाऱ्या एका वीजप्रकल्पात होतो. पाणी फिरत्या जाळ्यांतून गाळून आत येतं. एका रात्रपाळीला जाळीच्या अलीकडची आणि पलीकडची पाणीपातळी यांतला फरक भराभर वाढू लागला. फवाऱ्याने धुऊन काढलेल्या जेलीने नालीही तुंबली. शेवटी पंप थांबवून वीजनिर्मिती उतरवावी लागली. बाहेरच्यांना हे खरं वाटत नाही, पण स्वीडनमधल्या ऑस्करशामची १,४०० मेगावॅटची अणुभट्टी २०१३ मध्ये आणि फ्रान्समधल्या ग्राव्हलीनच्या चार अणुभट्ट्या ऑगस्ट २०२५ मध्ये याच कारणाने बंद पडल्या होत्या.

फुकुईहून (जपान)
इथला नोमुरा जेलीफिश दोन मीटर रुंद, दोनशे किलोपर्यंत वजनाचा. २००९ मध्ये चिबाजवळ यांनी भरलेलं जाळं ओढताना दहा टनी ट्रॉलर उलटला. तिन्ही खलाशी वाचले.

पॉलिप (सागरी जीवशास्त्र)
मालवणच्या अनुभवाला जोडून. आपल्याला दिसते ती पोहणारी छत्री. अनेक जातींमध्ये त्याआधीची अवस्था, पॉलिप, एखाद्या कठीण पृष्ठभागाला चिकटून राहते आणि अनुकूल काळ आला की एकाच पॉलिपपासून अनेक पिल्लं सुटतात. धक्के, खांब, तरंगता प्लास्टिक कचरा, सगळं त्यांना चालतं. सांडपाण्यामुळे प्राणवायू घटलेल्या पाण्यात मासे गुदमरतात, जेलीफिश टिकतात. त्यात प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, खाणारे मासे आपण उपसून काढले की ते अन्न यांच्या वाट्याला येतं. नामिबियाजवळचा समुद्र एकेकाळी तारलीसाठी प्रसिद्ध होता. तारली संपली आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथे जेलीफिशचं वजन १२२ लाख टन, तर माशांचं ३६ लाख टन भरलं. जेलीफिश मासळीची अंडी आणि पिल्लंही खातात, त्यामुळे मासे परतणं आणखी अवघड होतं. मात्र सगळ्या जगात ते सतत वाढतायत असं सरसकट म्हणू नये. जुन्या नोंदींत साधारण वीस वर्षांच्या अंतराने चढउतारही दिसतात. म्हणूनच तारखेसकट लिहिलेला प्रत्येक अनुभव आम्हाला मोलाचा.

वाळूतली घरटी (वेळास)
यांना नुसतं संकट म्हणू नका, कळकळीने सांगते. आमच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारी ऑलिव्ह रिडले कासवं जेलीफिश खातात, आणि पाण्यात तरंगणारी प्लास्टिकची पिशवी त्यांना तशीच दिसते. मोठ्या छत्र्यांच्या आडोशाला इवले मासेही लपून वाढतात. जाळ्यात अडकून कासवं मेली तर जेलीफिशना खाणारंही एक तोंड कमी होतं.

रीफवाला (केर्न्स, ऑस्ट्रेलिया)
इथे अतिविषारी बॉक्स जेलीफिशचा हंगाम नोव्हेंबर ते मे. त्या काळात पोहण्यासाठी जाळीने वेढलेली जागा असते, अंगभर सूट घालतात आणि किनाऱ्यावर खांबांना व्हिनेगरच्या बाटल्या लावलेल्या असतात. ते व्हिनेगर बॉक्स जेलीफिशसाठी. ब्लूबॉटलला ऑस्ट्रेलियात गरम पाणीच सांगतात, हा फरक जुहूकरांनी ध्यानात ठेवावा. जुहू, गिरगाव, कळंगुट इथे जीवरक्षकांच्या चौकीत गरम पाण्याची सोय आणि शेजारी मराठी, कोंकणी, हिंदीत फलक लावायला फार खर्च येणार नाही. गणपती विसर्जनात माणसं अनवाणी पाण्यात उतरतात, त्याच्या आत हे व्हायला हवं. कुणाची महापालिकेत किंवा पंचायतीत ओळख असेल तर इथेच सांगा, मजकूर मी लिहून देतो.