ओपन वॉटरच्या शेवटच्या दोन डाइव्ह उरल्यात, मास्क काढताना घाबरायला होतं

पुण्याची_मासोळी:
नमस्कार मंडळी, मी सध्या अंदमानात हॅवलॉकला आहे, पाडी (PADI, डायव्हिंग शिकवणारी संस्था) चा ओपन वॉटर, म्हणजे नवशिक्यांचा स्कूबा कोर्स करतेय. पुण्यात पूलमधलं सगळं झालं, लेखी परीक्षा पण पास, आणि इथे चारपैकी दोन डाइव्ह झाल्या. उद्या सकाळी उरलेल्या दोन. पूलमध्ये मास्क काढून परत घालणं जमलं होतं पण काल समुद्रात मास्क नुसता अर्धा भरला आणि खारं पाणी नाकात गेलं, जोरात ठसका लागला आणि मी काही विचार न करता सरळ वर निघाले, इन्स्ट्रक्टरने जॅकेट धरून थांबवलं म्हणून बरं. रात्रभर तेच डोळ्यासमोर येतंय. उद्या पूर्ण मास्क काढायचाय. शिवाय टाकीतली हवा संपली असं समजून एका श्वासात वर यायचा सराव पण राहिलाय. कोणाला असं झालंय का? काय केलंत?

तारकर्लीकर:
ताई, मी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला टुरिस्ट लोकांना डाइव्हला नेतो, हे रोज बघतो. नाकाला पाणी लागलं की माणूस आपोआप नाकाने श्वास ओढतो, सगळा घोळ तिथेच होतो. आज संध्याकाळी रूमवर बादली भरा, स्नॉर्कल तोंडात, मास्क नाही, आणि तोंड पाण्यात घालून पाच मिनिटं श्वास घ्या. तोंडाने घ्यायचा, नाकाने थोडा थोडा सोडायचा. नाकातून हवा बाहेर येत असली की पाणी आत शिरत नाही. पहिल्या मिनिटाला डोकं वर काढावंसं वाटेल, काढा, परत घाला. मग उद्या खाली गुडघ्यावर बसून मास्क काढायच्या आधी तीन श्वास शांत घ्या, इन्स्ट्रक्टर थांबतो, कोणी घड्याळ लावून बसलेलं नसतं.

मस्कतची_वहिनी:
माझं अगदी हेच झालेलं, ओमानच्या दिमानियत बेटांजवळ. मी लेन्स लावते म्हणून डोळे मिटूनच करायचे आणि डोळे मिटले की भीती दुप्पट. इन्स्ट्रक्टरला सांगितलं की माझा दंड धरून ठेवा, बास, तेवढ्याने झालं. मास्क घातल्यावर घाई करू नकोस, केस पट्टीखाली अडकलेत का बोटाने बघ, मग वरची कड कपाळाला दाबून नाकाने लांब फुंकर, बघता बघता मान वर. एका फुंकरीत नाही रिकामा झाला तर दुसरी मार.
आणि वर यायच्या त्या प्रकाराचं मला सगळ्यात जास्त टेन्शन होतं, श्वास पुरेल का म्हणून. पुरतो गं! नऊ मीटरवर दाब वरच्यापेक्षा जवळजवळ दुप्पट असतो, त्यामुळे वर येताना फुप्फुसातली हवा फुगत जाते, तू आऽऽ करत सोडत राहिलीस तरी संपत नाही. रेग्युलेटर (टाकीतली हवा देणारा तोंडातला भाग) तोंडातच असतो. फक्त श्वास धरायचा नाही, हे एकच.

तारकर्लीकर:
वहिनी बरोबर बोलल्या. काल ताई वर निघाल्या तेव्हा खरा धोका तोच होता, घाबरून श्वास कोंडून वर येणं. फुप्फुसाला इजा होते, अगदी कमी खोलीवर पण. ठसका रेग्युलेटरमधूनच काढायचा, खुशाल खोका, तो त्यासाठीच बनवलाय. आणि इन्स्ट्रक्टरला सकाळी बोटीवर हे सगळं सांगा, लपवू नका.

डोंबिवली_ते_दर्या:
एकच भर घालतो. उद्या नाही जमलं तर नापास वगैरे काही नसतं, तेच स्किल परत करता येतं, परवा करता येतं. तिकीट बुक आहे म्हणून ओढूनताणून करू नका प्लीज. आणि सर्दी असेल तर गोळी घेऊन उतरू नका, खाली असर उतरला की वर येताना कानाला त्रास होतो.

पुण्याची_मासोळी:
झालं!!! रात्री बादलीत सात वेळा केलं, नवरा शेजारी मिनिटं मोजत बसलेला. सकाळी इन्स्ट्रक्टरला सगळं सांगितलं, तो म्हणाला मग मास्क सगळ्यात आधी करू, म्हणजे उरलेली डाइव्ह मोकळी. पहिल्यांदा अर्ध्यात थांबले, खुणेने सांगितलं थांब, तीन श्वास घेतले आणि मग काढला. पाणी गार लागलं चेहऱ्याला, बाकी काही नाही. शेवटच्या डाइव्हला १७ मीटरवर होतो, वर येताना पाच मीटरला सुरक्षेसाठी तीन मिनिटं थांबलो तेव्हा खाली पोपटमाशांचा एक घोळका प्रवाळ कुरतडत होता आणि तो कटकट आवाज चक्क ऐकू येत होता. वर आल्यावर मी रडले. वहिनी, दादा, खूप खूप आभार.

मस्कतची_वहिनी:
अगं किती छान!! विमान कधीचं आहे? डाइव्ह संपल्यावर निदान १८ तास उडायचं नाही, आजच्या रात्रीचं नाहीये ना?

पुण्याची_मासोळी:
नाही नाही, परवा दुपारचं. उद्या नुसतं स्नॉर्केलिंग.