मदत हवी आहे: काल्पनिक बेटावरच्या माणसांना नावं कशी द्यावीत?

नमस्कार मंडळी. मी देवगडचा. एका काल्पनिक बेटावरच्या दर्यावर्दी लोकांची कादंबरी लिहितोय आणि नावांपाशीच अडकलोय. आधी वाटेल तशी अक्षरं जोडली, तर आजी म्हणाली, "मेल्या, ह्यां नाव आसा की शिंक?"

म्हणून आता त्यांच्या भाषेचे नियम ठरवलेत. मराठीत शब्दाची सुरुवात ळ ने होत नाही, बेटावर होते: ळेरू, ळाविम. ख, घ, भ असले महाप्राण तिथे नाहीतच. आडनाव गावावरून नाही (आपल्याकडे 'कर' लावला की झालं, कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंनीही तेच केलं), तर जन्मवेळच्या पाण्यावरून. 'सुम' म्हणजे ओहोटी, म्हणून ळेरू सुम.

खरा घोळ विभक्तीत. 'तोरवा' या पात्राचं 'तोरवाने' करू की 'तोरव्याने'? दुसरं वाचलं की तो थेट आमच्या वाडीतला वाटतो! एस्पेरांतो या मुद्दाम रचलेल्या भाषेत सगळी नामं ओकारान्त असतात, तसा एकच शेवट ठेवला तर पात्रांची सरमिसळ होईल का? आणि बायकांची नावं आ-ई वर न संपवताही बाईची वाटावीत, यासाठी कोणी काय केलंय?